पत्र्यातली दोन भोकं

दारव्हा, ८ मार्च १९६३

बाबा,

तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे तेही माझ्या गरजेपोटी, त्यामुळे माफी मागायलाही संकोच वाटतो.

कापसाच्या जिनातलं तुमचं आग अडवायचं दार जळालं. सरकी काढणाऱ्या रेच्यांचा हॉल आणि रुईचं गोदाम यांच्या मधलं. सागवानी फळ्यांचे तीन थर आडवे-उभे ठोकून वरून पत्रा मढवलेलं. ते तुम्ही केलं तेव्हा मी कॉलेजच्या सुटीत आलो होतो. ओसरीत दार आडवं पडलेलं आहे, पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून तुम्ही खिळे घडीखाली लपवता आहात, आणि मी शहाणपणा करतो, "बाबा, वरच्या अंगाला दोन भोकं राहिली."

"राह्यली नाहीत, ठेवली."

"काहून?"

"तुह्या कॉलेजात पुस ना. फी कायची घेतात ते?"

आई स्वयंपाकघरातून हसते. मी फणकाऱ्याने उठतो. पुन्हा कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर विम्याचा माणूस तपासणीला आला. त्याने भोकांवर बोट ठेवलं. सुपरवायझर म्हणून मी शेजारी उभा होतो. मुद्दाम ठेवली आहेत, एवढं सांगता आलं असतं. पण का, ते मला ठाऊक नव्हतं, आणि शिकलेल्या माणसाला तसं म्हणायची लाज वाटली. "जुनं काम आहे," म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या चकत्या रिव्हेटने ठोकून भोकं बुजवून घेतली.

गेल्या आठवड्यात हॉलमध्ये कापूस पेटला. पाळीवरच्या जमादाराने दार ओढून घेतलं आणि गोदामाच्या बाजूने पाणी मारत उभा राहिला. तापलेल्या लाकडाचा धूर पत्र्याआड कोंडला. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पत्रा पुरीसारखा फुगला, घड्या उसवल्या, लाकूड उघडं पडून पेटलं. गोदाम गेलं. जमादाराचे दोन्ही हात भाजले.

मालक म्हणतात, मिस्त्रीचं दार इतक्यात जाणारच नाही, यानेच उशिरा लावलं. त्याला कामावरून काढायचं ठरतं आहे. काल दवाखान्यात गेलो तर हातांना पट्ट्या बांधून बसला होता.

"म्या लगेच ओढलं साहेब. आता बिडीबी बायकोच माह्या तोंडात धरते, वरून शिव्या देते. पण तुमीच सांगा, मिस्त्रीबाबाचं दार असं फाटते काय?"

"पाहू," म्हणालो आणि निघून आलो. पाहायचं काय उरलं होतं?

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही. पत्र वहीतच राहील. थकलो आहे, तरी एक दुरुस्ती करायला हवी. वर लाज वाटली असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. तुमच्या कामातली चूक मला सापडली, याचं त्या दिवशी जरा बरं वाटलं होतं.

उद्या: ऑफिस उघडताच मालकांना सांगणे, भोकं मी बुजवली.