विलायती गाडी ट्रकवर चढली

महाड, मार्गशीर्षातला गुरुवार

आजचा खर्च: झेंडूचा हार चाळीस रुपये, नारळ पस्तीस, गाडीत पेट्रोल पाचशेचं. पेट्रोलावरून मी बोललेच, "विकलेल्या गाडीत कशाला ओतता?"

ह्यांनी बोटीवर नोकरीला असताना ती दोन माणसांची विलायती गाडी नवीकोरी घेतली. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही. वय झालं म्हणून शेवटी विकली. सकाळी म्हणाले, "अगं चल, पोलादपूरपर्यंत एक शेवटची चक्कर मारू."

मी म्हटलं, "माझी पोथी राहिलीय. आणि पेट्रोल फुकट जाळायचं?"

पोथी संध्याकाळी वाचली असती तर देवी रागावली असती का?

वाटलं, पुण्याचे घेणारे गाडी चालवतच नेतील, ह्यांना थोडं शेजारी बसवतील. ते ट्रक घेऊन आले.

हे म्हणाले, "चालवत नाही नेणार?"

"काका, हिला आता धूळसुद्धा लागणार नाही. बंगल्यात काचेमागे ठेवणार."

"अहो, गाडी आहे ती, बाहुली नव्हे!" हे हसले. मग ट्रक दिसेनासा होईपर्यंत दारात उभे राहिले.

पोलादपूर असं कितीसं लांब होतं?

उद्या पुण्याला कार्ड टाकते: गाडी काचेमागे ठेवण्याआधी ह्यांना एकदा चालवू द्याल का? आम्ही एसटीने येऊ. उलट टपाली कळवा.