आईच्या नवव्याचे कच्चे तमाल

वाहाका, मेक्सिको, १४ ऑक्टोबर

प्रिय हर्मिनियाताईस,

धाकट्या फिदेन्सिओचा सादर नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचा दमा आणि शिकागोची थंडी, तिघांनाही उतार असावा. आम्ही बरे आहोत. म्हणजे आई गेली, खानावळ आचके देते आहे, माझं वजन पाच किलोनं वाढलं; बाकी सगळं क्षेम.

आईच्या नवव्या दिवसाचं तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तीनदा ‘छान पार पडलं’ म्हणालो. ते खोटं होतं. पणजीपासून ज्या खानावळीचे तमाल खाऊन या गल्लीनं बारशी आणि मर्तिकं उरकली, तिथे आईच्याच नवव्याला, जपमाळ संपवून अख्खी गल्ली ताटं धरून बसलेली असताना, दोनशे तमाल कच्चे राहिले. मक्याचं पीठ माझ्या हातचं, आत भरलेला मिरच्या-चॉकलेटचा काळा मोले माझ्या हातचा, केळीची पानं मी स्वतः शेकलेली. पातेल्याच्या तळाशी टाकलेलं नाणं खडखडत होतं, म्हणजे पाणीही आटलं नव्हतं. चार तास वाफ दिली. पान सोडावं तर आत नुसतं गिळगिळीत पीठ.

तोमासामावशीनं (तिचा आवाज तुला आठवत असेलच, आईच्या शवपेटीशीही ती त्याच आवाजात बोलत होती) झाकण आपटून जाहीर केलं, “या स्वयंपाकघरात कोणीतरी रागावलंय. त्यानं मुकाट्यानं कबूल करावं, नाहीतर हे आठवडाभर शिजायचे नाहीत.” मग पातेल्याच्या कानांना लाल चिंध्या बांधल्या आणि तमालांचा रुसवा काढायला सुतकाच्या काळ्या कपड्यांत आम्ही सगळे पातेल्यापुढे नाचलो. त्यानंही काही होईना, तेव्हा कबुल्या सुरू झाल्या. भांडी घासणाऱ्या बेनितानं सांगितलं की एका झाऱ्यापायी ती एकोणीस वर्षं मावशीवर डूख धरून आहे. मावशी म्हणाली, झारा माझाच होता. माझ्या बायकोनं आधी आईचं नाव घेतलं, मग माझं, मग पुन्हा आईचं. पाद्रीबाबा नुसते काय अडलंय ते बघायला आत आले होते, तेही सख्ख्या भावाबद्दल काहीतरी पुटपुटले. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. तमाल ढिम्म. उरलो मी. मी आईची शपथ घेऊन सांगितलं की माझा कोणावरही राग नाही. शेवटी गल्लीला पाव आणि गरम चॉकलेट देऊन वाटेला लावलं.

तेव्हापासून येईल ते गिऱ्हाईक आधी काट्यानं टोचून बघतं. खानावळीला नाट लागली म्हणतात. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी, गेल्यानंतर पहिल्यांदाच, आई घरी जेवायला येणार. त्या दिवशीही तमाल कच्चे राहिले, तर मी दारावरची पाटी उतरवणार आहे. पणजीला काय तोंड दाखवायचं ते नंतर बघू.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
फिदेन्सिओ

ता. क. तू आली नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. कागदपत्रांशिवाय एकदा इकडे आलीस की तुला परत जाता येणार नाही, हे मला कळतं. मावशीला कळत नाही, तो तिचा प्रश्न.

आणखी एक ता. क. शपथ खोटी होती. राग आईवरच आहे. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी चुलीपुढे उभा राहिलो. शेवटच्या बुधवारी माझा मोले चमच्यानं तिच्या ओठांना लावला, तर डोळे मिटून म्हणाली, “हर्मिनिया आली वाटतं.” मी हो म्हणालो. त्याआधीच्या रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलली होती. माझ्या हाताच्या चवीबद्दल काही म्हणाली का? म्हणाली असेल, तर एकतीस तारखेच्या आत कळव. नसेल म्हणाली, तरी कळव. फक्त तिच्या बोलण्यासारखं लिही. फार गोड लिहू नकोस, मला लगेच कळेल.