निळ्यातली कोरी जागा

३ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. तू विशीत काढलेलं ते जलरंगातलं चित्र, माझ्या शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावलेलं, पार विटलं. ना झाड, ना घर, नुसतं निळं; शाई सांडली काय, म्हणून मी तुला चिडवायची. आता ते निळं मातकट झालंय आणि मधला कोरा कागद पिवळा. स्वस्तातले रंग वापरलेस, दुसरं काय! उतरवून ठेवू का?

माझे दिवसही बरे नाहीत. धोबी पांढऱ्या चादरी पिवळ्या करून आणतो, त्याच्याशी कडकडून भांडले. काल गडद निळ्या कोटाला काळा दोरा लावला. गिऱ्हाइकाने परत आणला. वय झालं, काळजी करू नकोस.

सोबत थोडी अक्कलही पाठवणार होते, पाकिटात मावली नाही.

ताई

९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हिरमुसले, मग घाबरले. चित्र पिवळं, चादरी पिवळ्या, निळा दिसला काळा! दोष माझ्या रंगांचा नाही, धोब्याचा तर नाहीच. तुला मोतीबिंदू झालाय. आज रंग गेले, उद्या सुईही ओवता येणार नाही. डॉक्टरकडे जा. ऑपरेशनला भितेस, ठाऊक आहे. सगळा जन्म सुईशी काढलास आणि सुईलाच भितेस!

चित्र उतरवू नकोस. लग्न होऊन तू गेलीस, त्या संध्याकाळी तुझ्या रिकाम्या खाटेसमोर बसून मी ओल्या कागदावर निळा ओतत गेले. घर काढवेना, माणसं काढवेनात. मधे कोरं सोडलं, ती तुझी जागा. हसशील म्हणून कधी सांगितलं नाही.

लोभ आहेच, डॉक्टरकडे गेलीस तर वाढेल.

धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझंच खरं निघालं. परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नर्सचा हात असा आवळला की बिचारीला मलम लावावं लागलं.

काल पट्टी सुटली आणि घरी येऊन आधी चित्रासमोर उभी राहिले. डाव्या डोळ्याने पाहिलं की माती. उजव्याने पाहिलं की निळं, इतकं निळं की खुर्ची ओढून बसले. कडेला जांभळा ओघळ आहे, तो मी विसरलेच होते. आणि मधलं कोरं पांढरंशुभ्र.

हसले नाही गं. रडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी रडले. धोब्याची माफी मागितली. आरशात सुरकुत्या दिसल्या, त्याबद्दल तू माझी माग.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. मला फार भीती वाटते. माझ्या शेजारी खाट टाकलीय, वर पांढरी चादर घातलीय. चार दिवस आधीच ये. ही जागा कोरी सोडू नकोस.

ताई