प्रतिसाद नाही

मंगळवार, १२ मार्च

प्रिय मौनीबाबा,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. तूही मजेत असशील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात फार लुडबुड करतात. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आहेत, आणि साखरेच्या डब्यावर खास माझ्यासाठी 'विचारून घेणे' असं लिहिलंय. माझी तब्येत आता बरी आहे. ऑफिसला जायला लागले.

तर ऑफिसचंच बोलते. तुझ्या दुकानाच्या काचेवर आमच्या ग्राहक मंडळाचा निळा स्टिकर आहे, आठवतंय ना? मान्यताप्राप्त दुकान, श्रेणी अ. तो आता जायच्या बेतात आहे. वॉशिंग मशीन दुरुस्तीबद्दल तुझ्याविरुद्ध चार तक्रारी आल्या आणि चारांपैकी एकीलाही तू उत्तर दिलं नाहीस. नोटिसा गेल्या. त्या तू उघडल्याही नसणार, नटबोल्टच्या डब्याखाली दाबून ठेवल्या असशील. शुक्रवारी समिती बसेल, तुझ्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' लिहील, आणि श्रेणी थेट ड. वसतिगृहाची मशीनं तुझ्याकडे येतात ती त्या स्टिकरमुळे. ते काम गेलं तर तुझं अर्धं दुकान बसलं म्हणून समज.

सख्ख्या भावाची फाइल मला हाताळता येत नाही, म्हणून ती टाचणीबाईंकडे गेली. हे नाव मीच ठेवलंय. सुटा कागद दिसला की त्यांना चैन पडत नाही. हे पत्र मी साहेबांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, "काय हवं ते लिहा, फक्त त्याच्या वतीने उत्तर लिहू नका. तुमचा काही भरवसा नाही." माणसं बरोबर ओळखतात.

तू म्हणशील, कामाला किंमत नाही आणि कागदाला आहे. अरे, आम्ही काय प्रत्येकाच्या घरी जाऊन मशीन फिरवून बघणार का? आम्ही बघतो ते एवढंच, की गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा दुकानदाराने तोंड उघडलं की लपवलं. आता यात गंमतही होते. एका पाण्याच्या फिल्टरवाल्याच्या तक्रारी ढिगाने येतात, पण त्याचा कारकून अशी लोण्यासारखी उत्तरं धाडतो की तो गेली कित्येक वर्षं अ श्रेणीत ठाण मांडून बसलाय. मलाही ते खटकतं. पण आगाऊ रक्कम घेऊन रातोरात कुलूप लावून गेलेलेही बघितलेत मी, आणि त्यांची वाट बघत आमच्या बाकावर बसलेली माणसंही. उत्तर न देणारा दुकानदार आणि पळून गेलेला दुकानदार कागदावर अगदी सारखे दिसतात. म्हणून तो नियम आहे, आणि मान्यता घेताना तू त्यावर सही केली आहेस.

काल टाचणीबाईंनी मात्र एक जास्तीचं काम केलं. तक्रारदारांना स्वतः फोन लावले. एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा आवाज एवढा खणखणीत की माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "अहो, ते येऊन गेले की! मशीन उघडलं, नीट केलं, पैसेही घेतले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, तक्रार केली म्हणून रागावलेत. मग कुठे परत कळवायचं!"

बाकीच्या तिघांचंही तेच. टाचणीबाई फोन ठेवून म्हणाल्या, "मग तक्रार मिटली हे आम्हाला सांगणार कोण, मशीन?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला तुझा रागच आला, आणि तो दुकानाबद्दल नव्हता. ऑपरेशनच्या आधी मी तुला पत्र लिहिलं होतं. घाबरलेय असं लिहायची लाज वाटली, म्हणून मशीनबद्दल लिहीत बसले, की कपडे पिळताना ते थयथयाट करत न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत येतं. तुझं उत्तर आलं नाही. तू आला नाहीस. वॉर्डाचं दार वाजलं की मी मान वळवायची, टाके ओढले जायचे, आणि नर्स ओरडायची. तेव्हापासून मीही मनात तुझ्या नावापुढे शिक्का मारून बसले होते.

रात्री जेवताना डॉक्टरीणबाईंची गोष्ट तुझ्या भाऊजींना सांगितली, तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच."

"आपल्यासारखंच म्हणजे काय?"

मग सगळं बाहेर आलं. मी दवाखान्यात असताना तू घरी आलास. मशीन आडवं पाडून स्प्रिंगा बदलल्यास, पायांची रबरं बदललीस. निघताना विचारलंस, "ताई जेवते का?" दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आलास आणि शर्टाला ग्रीस लागलंय म्हणून वर चढला नाहीस. शिवाय यांना बजावलंस, सांगू नका, चिडेल. आणि मी आपली समजत होते की मशीन यांनीच दुरुस्त केलं. दोन महिने कौतुक करत होते रे या माणसाचं, आणि हे शांतपणे ऐकून घेत होते! त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग रडले.

तरी तुला मोकळं सोडणार नाही. मला स्प्रिंग नको होती, तू हवा होतास. नुसता येऊन बसला असतास, न बोलता, तरी मला पुरलं असतं.

मंडळाला शुक्रवारच्या आत एक ओळ लिही. 'मशीन दुरुस्त करून दिलं', खाली सही. शब्द मी सुचवतेय, अक्षर तुझं हवं. चार गिऱ्हाइकांसाठी चार कागद, नाहीतर टाचणीबाई परत पाठवतील.

मला मात्र ओळ नको. ग्रीस लागलेला शर्ट घालूनच ये, इथे धुऊन देईन. मशीन आता जागचं हलत नाही. घरात सध्या काहीच बिघडलेलं नाही. तरी ये.

दाराकडे मान वळवून बसलेली,
तुझी ताई