काळ्या शेल्याची गाठ

३० मार्च २००३, रविवार

हे लिहायला बसले, कारण हे कुणाला सांगता येत नाही. फादरना सांगितलं तर ते पुढे पोचेल. उत्तरेत तोरिनोला राहणाऱ्या बहिणीला फोन केला तर ती रडत बसेल. राहिला कागद.

जेवताना वितालियानो म्हणाला, "आई, यंदा ईस्टरला मारियामातेच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा माझा." आणि पाव मोडून रश्शात बुडवला.

पुढचा उजवा दांडा म्हणजे मूर्तीवरचा काळा शेला सोडायची दोरी. दोरी कुणाच्या हातात द्यायची ते निकोदेमो ठरवतो. टेकडीवरची खाण त्याची, सिमेंट त्याचं, गावाची झोपही त्याचीच. मागे दोरी ओढली बास्तियानोने – माझाच विद्यार्थी, वर्गात कविता सुरेख म्हणायचा. तो आता उत्तरेतल्या तुरुंगात आहे. त्याच्या आधीचा स्मशानात. दांडा खांद्यावर घेतला की माणूस त्यांचा झाला. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

१ एप्रिल

भांडण.

"आई, चौकभर पळायचं आहे, बस्स."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी काय?"

"सोमवारी कुठे पळायला सांगतील?"

मग तो जे बोलला ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. "जमीन मोजायचा डिप्लोमा भिंतीवर टांगून तीन वर्षं झाली, आई. त्या खिळ्याला तरी काम मिळालं."

लग्नानंतर फार उशिरा झालेला मुलगा. नवरा, सावेरियो, गेल्यावर मी एकटीने वाढवला. मला रागावता येतं. रडता येत नाही. आज आलं असतं तर बरं झालं असतं.

४ एप्रिल

फादर जेराल्दोंकडे गेले. ते मेणबत्त्यांचं वाळलेलं मेण खरवडत होते.

"बाई, मी आशीर्वाद देतो. खांदे निवडताना मला कोण विचारतं?"

"नाही म्हणून पाहिलंत कधी?"

"माझ्या आधीच्या फादरनी पाहिलं."

त्यांची गाडी जळाली होती. मी विझवायला बादली घेऊन गेले होते. माझ्याखेरीज कुणी आलं नव्हतं.

९ एप्रिल

निकोदेमोने कोकरू पाठवलं. सोललेलं, पायाला लाल फीत. परत पाठवलं.

संध्याकाळी बेकरीच्या दारात तो स्वतः उभा. टोपी काढली – जुना विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला.

"बाई, कोकरू खराब निघालं का?"

"माझे उपास चालू आहेत."

"ईस्टरला सुटतात ना?" मग हलक्या आवाजात, "पोरगा उंच आहे तुमचा. दांड्याला शोभेल."

"निकोदेमो, त्याला सोड." मी असं कुणाला विनवल्याचं मला आठवत नाही.

"बाई, तो माझ्या दारात आला. मी नव्हतो गेलो तुमच्या."

घरी कशी पोचले, माहीत नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

काळा शेला कपाटातून काढून उन्हात घातला. मदतीला नेहमीप्रमाणे शेजारची राकेले.

ही गाठ आमच्याच घरातल्या बायका मारतात. आईने मारली, आजीने मारली, तिच्या आजीनेही. शनिवारी, देवळाचं दार लावून. आत पुरुष नको. मूर्ती लाकडाची, तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराची, आणि त्याला आया ठाऊक होत्या – अजून कुणी तिच्या डोळ्यांकडे फार वेळ बघत नाही. निळा झगा, त्यावर हा काळा शेला. ईस्टरला चौकात संत योहानाची मूर्ती तीनदा धावत येते: मुलगा उठला, मुलगा उठला. दोनदा तिचा विश्वास बसत नाही. तिसऱ्यांदा ती स्वतः धावत सुटते, पुढचा उजवा दोरी ओढतो, सुरगाठ सुटते, काळं गळून पडतं. खाली निळं.

नाही गळालं, तर वर्षभर गावात मरण फिरतं म्हणतात. आजीच्या वेळी एकदा अडकलं होतं. ज्याने दोरी ओढली होती त्याला पुन्हा कुणी उंबऱ्याशी उभं केलं नाही. निकोदेमोसारख्यांनी तर नाहीच. ही माणसं गोळीला भीत नाहीत, अपशकुनाला भितात.

राकेले शेला झटकत म्हणाली, "नीट मारा हं, बाई. वर्षभर आम्ही तुमच्या गाठीवर झोपतो."

तेव्हाच डोक्यात आलं. लिहिणार नव्हते. लिहिते – निरगाठ.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

वितालियानो बुटांना पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, "सोमवारी एक गाडी बंदरावर न्यायची आहे. आत काय आहे ते विचारायचं नाही."

"नाही म्हण."

"आता?"

एवढाच शब्द. चकचकीत झालेल्या बुटालाच तो पुन्हा पुन्हा ब्रश मारत होता. म्हणजे त्यालाही कळलं आहे. उशिरा.

मी अपशकुन मानत नाही. पण गाव मानतं. बाळंतीण, म्हातारे, बोटीवर जाणारे – सगळे वर्षभर जीव मुठीत धरून राहतील, का, तर माझा एक मुलगा सुटावा. ही चोरी आहे. दुसऱ्या कुणी केली असती तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं.

मारियामातेलाही एकच मुलगा होता. ती समजून घेईल किंवा नाही घेणार. मला विचारत बसायला वेळ नाही.

१९ एप्रिल

मारली. वरून सुरगाठ, आत मूर्तीच्या केसांखाली दोऱ्याची निरगाठ. राकेले टाचण्या घेऊन उभी होती. तिने पाहिलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

अडकलं.

योहान तिसऱ्यांदा आला. ती धावली. वितालियानोने दोरी ओढली. काळं जागचं हललं नाही. मारियामाता काळ्यातच आपल्या मुलाच्या मूर्तीसमोर जाऊन थांबली.

बँडमधला एक जण वाजवतच राहिला. मग तोही थांबला. बायकांनी मुलांची तोंडं शालीआड, कोटाआड दडवली. वितालियानोच्या पायाशी कुणीतरी थुंकलं. निकोदेमोने टोपी घातली आणि चालू लागला. त्याने मागे एकदाच पाहिलं – माझ्या मुलाकडे नाही, माझ्याकडे.

राकेले मला टाळून पलीकडच्या कडेने गेली.

२१ एप्रिल

निकोदेमोचा माणूस आला. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. वितालियानोने बंदरावर यायचं नाही. खाणीकडे फिरकायचं नाही. त्यांच्या दारावरून जायचंही नाही. "आणि म्हातारीचे हात थकलेत म्हणावं. शेला राकेलेकडे द्या."

निकोदेमोला कळलं का? तो दोन वर्षं माझ्यासमोर बसला आहे. माझे हात त्याला ठाऊक आहेत. तोरिनोला जायला वितालियानोची पिशवी भरली. स्वेटर सर्वांत वर.

२२ एप्रिल

दुपारची गाडी. प्लॅटफॉर्मवर आमच्याजवळ कुणी उभं राहिलं नाही.

"आई, दोरी ओढली तेव्हाच मला कळलं. जोर लावला असता तर दोरा तुटून शेला पडला असता. मी नाही लावला."

मी म्हटलं, "स्वेटर वरच आहे."

गाडी गेली.

२५ एप्रिल

बहिणीचा फोन. पोचला. तिच्या ओळखीच्या खानावळीत भांडी घासतो.

आज सकाळी घंटा वाजली. खालच्या गल्लीतला म्हातारा पिएत्रो गेला. वर्षभर अंथरुणाला खिळला होता. तरी घंटा ऐकून लोकांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मीही दिवसभर हिशेब करत बसले – हा माझ्या नावावर की नाही? इतकी वर्षं ज्या खुळेपणावर हसले, त्याने आज मला जेवू दिलं नाही.

२९ एप्रिल

आज राकेलेच्या हवाली केलं: काळा शेला. निळा झगा. रेशमी दोरी. टाचण्यांची डबी. कपाटाची किल्ली.

ईस्टरनंतर ती आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. तिला सुरगाठ दाखवली. तिने मारली, ओढली, सुटली. मग उठून तिने दाराला कडी घातली.

"ही येते मला, बाई. ती दुसरी दाखवा. पुढच्या वर्षीचा दांडा माझ्या धाकट्याला सांगितलाय."

गाठी दोन.