यादीतली तीन नावं

रविवार, घोडपदेव.
सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. दहाला पक्षाचा नितीन मतदार यादी देऊन गेला. दुपारी वरणभात केला. आता चार वाजलेत.

प्रिय तात्या,

तुम्ही गेल्यावर लोकसभेची ही पहिलीच निवडणूक. यादीत तुमचं नाव अजून आहे, म्हणून लिहितोय. वर आईचं, खाली माझं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तात्या!

चाळीत कुणी गेलं की दिवसकार्य झाल्यावर लाकडी पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन तुम्हीच त्या घरी जायचात. आधी चहा. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द. मग नाव वगळण्याच्या अर्जावर सही, आणि शेवटी यादीतल्या नावावर रेघ. "चहा न घेता रेघ मारली तर नुसतं मत कमी होतं," म्हणायचात.

मग आईचीच रेघ का राहिली? मागच्या वेळी बूथबाहेरच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने विचारलं, "सुलभा परब आल्या नाहीत अजून?" तुम्ही मान खाली घालून दुसऱ्याची चिठ्ठी लिहीत राहिलात. मी शेजारीच उभा होतो. मीही यादीचं पान उलटलं.

इथले सगळे खासदार तुम्हाला तोंडपाठ. एक कामगार पुढारी चालत यायचा, आपल्या गॅलरीत बसून चहा प्यायचा. दुसरा संपात रोज गिरणीच्या गेटवर उभा असायचा. मग उघड्या जीपमधून हात जोडणारे आले. चाळीच्या जागी होणाऱ्या नव्या इमारतीचं चित्र त्यांच्या पत्रकावर असायचं. पुढे उमेदवार फोनवरच यायला लागले, रेकॉर्ड केलेल्या आवाजात. तुम्ही त्यालाही "हो, हो, येतो" म्हणायचात!

मध्येच हद्द बदलली, ओळखीची घरं दुसऱ्या मतदारसंघात गेली. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "आमी खंयच हललो नाय, मतदारसंघच हललो!"

खरंच हललो नाही आपण. यादीतून नाव हललं की खोलीवरचा हक्क गेला, असं तुम्ही मला लहानपणापासून सांगितलंत. म्हणून लग्नानंतरही माझं नाव इथंच राहिलं, आणि नावापाठोपाठ मीही. संध्या आणि मुली डोंबिवलीला, मी इथं छताला दिलेल्या लोखंडी टेकूंमध्ये. सुट्टीला तिकडे गेलो की धाकटी विचारते, "बाबा, परत कधी जाणार?"

आज नितीनला म्हटलं, तात्यांचं आणि आईचं नाव काढायचंय. बाजूच्या पाटकरकाकी दारातूनच ओरडल्या, "रे, नावां कित्याक काढतंस? तीन नावां असली की खोली घट्ट!"

नितीन म्हणाला, "ते नंतर बघू. बूथबाहेरच्या टेबलावर तू बसायचंस."

"मला नाही जमणार."

"तात्यांची खुर्ची आहे ती. नुसता बस रे. बोलायची तुला कुठे सवय आहे!"

काकी हसल्या. मीही हसलो. आणि तो गेल्यावर लक्षात आलं, माझं 'नाही' कुणी ऐकलंच नव्हतं. तुम्ही तरी कधी ऐकलंत?

तात्या, मला राग यायला हवा. पण आईचं नाव तुम्ही का ठेवलंत ते आज कळलं. अर्जावर तुमचं नाव लिहिताना माझाही हात थांबला. खोलीची भीती नव्हती ती.

तरीही दोन्ही अर्ज लिहून झालेत. उद्या निवडणूक कचेरीत स्वतः देईन, हे वचन. त्या खुर्चीवर बसणार नाही, हेही. तिसरा अर्ज माझा आहे, नाव डोंबिवलीला हलवण्याचा. तो कोराच आहे. त्याचं वचन आज देत नाही, खोटं ठरेल.

तुमची पट्टी आणि लाल पेन्सिल काढून ठेवली आहे. यादी समोर आहे. आधी चहा ठेवतो, एक कप.

तुमचा,
विनायक