बिजलीचे एकवीस दिवस

बोरगाव मेघे, वर्धा
२२ फेब्रुवारी

प्रिय गजेंद्र,

'प्रिय' लिहावं की नाही यावरच माझा चहा थंड झाला. नुसतं गजेंद्र लिहून पाहिलं, तर ते शाळेतल्या हजेरीसारखं वाटलं. तेहतीस वर्षांची सवय आहे, हात ऐकत नाही. तुझा फोन बारा दिवसांपासून बंद आहे, म्हणून पत्र. तुला याआधी कधी पत्र लिहिल्याचं आठवत नाही. रोज सकाळी तबेल्यात भेटणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं?

आधी बातमी. आपली चांदणी गेली. गेली म्हणजे घालवली, मंगळवारी सकाळी, इंजेक्शन देऊन. तिच्या रक्तात ग्लँडर्स निघाला. एकदा नाही, दोनदा तपासून निघाला, आणि या रोगाला उपचार करत बसायचं नसतं, जनावर संपवायचं असतं, असा कायदा आहे. जेसीबीनं खड्डा खणला, चुना ओतला. मला हातमोजे, मास्क, पांढरा झगा घातला होता. एकोणीस वर्षं जिच्या मानेवर हात ठेवून मी उजाडताना पाहिलं, तिला शेवटचा हात लावला तो रबरातून. तिनं माझा वास घ्यायचा प्रयत्न केला, तिला तो सापडला नाही. मी खूप रडलो. डॉक्टर मेघा मॅडम बाजूला तोंड करून उभ्या होत्या. बाकीच्या तिघींचे नमुने चांगले आले, पण पुन्हा तपासणार आहेत. तबेला बंद आहे, या हंगामातल्या साऱ्या वराती गेल्या. ज्या एका घोडीचं रक्त अजून कोणी घेतलेलं नाही, ती बिजली तुझ्याजवळ आहे.

मला सारखा टांगा स्टँडवरचा तो सिमेंटचा हौद आठवतो. तेव्हा आपण दोघं टांगे चालवायचो आणि स्टँडवरची सगळी घोडी त्याच हौदात तोंड घालायची. त्या उन्हाळ्यात एका घोड्याच्या घशाखाली गाठी आल्या, आणि पंधरवड्यात अकरा घोडी नाकातून पू गाळत उभी होती. तुझा मोती त्यातच गेला. तू त्याच्या तोबऱ्यात तोंड खुपसून बसला होतास, दोन दिवस जेवला नाहीस. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की रोग काही आभाळातून पडत नाही, तो बकेटीतून, लगामातून, आपल्याच हातातून जातो. नियम आपण दोघांनी मिळून केले, गजेंद्र. प्रत्येक घोडीची बकेट वेगळी, खरारा वेगळा, लगाम वेगळा. एकीला हात लावला की साबणानं धुऊन मगच दुसरीला. आणि नवं जनावर आलं की एकवीस दिवस मागच्या टिनाच्या शेडमध्ये, रोज दोनदा ताप मोजून वहीत लिहायचा. एकवीस हा आकडा तुझा होता. मी पंधरा म्हणत होतो.

लोक हसले, हसू देत. वरातीत आपण टेम्पोतून घोडीची बकेट काढली की कोणीतरी म्हणायचंच, "नवरदेवाले पाणी भेटून नाई राह्यलं, अन् घोडीची बकेट घरून येते!" तूही हसायचास, मीही. पण एकदा तू चारचौघांत म्हणालास, "आमच्या गुलाबनं घोड्यांत शिवाशीव आणली." सगळे हसले, मी बकेट उचलून टेम्पोकडे गेलो. माझ्या आजोबांना तुमच्या गल्लीतल्या विहिरीवर वरून पाणी ओतायचे, हे तुला माहीत होतं. ते सांगताना तू माझ्यासोबत संतापायचासही. संध्याकाळी तू माझ्या घरी आलास, कमलनं केलेली भाकर माझ्याच ताटातून खाल्लीस आणि म्हणालास, "चुकलो गा." मी लगेच विसरलो. फक्त एवढं सांगितलं की ती शिवाशीव माणसाला जन्मभर खाली ठेवायला होती आणि ही जनावराला जगवायला आहे, ती एकवीस दिवसांनी संपते. तू मान डोलावलीस. तुला कळलं असं मला वाटलं.

बिजली तू आणलीस, तुझ्याच पसंतीनं. बाजारातून उतरली तेव्हा मीही भाळलो होतो, नाही कशाला म्हणू? सहा जानेवारीला तिला मागच्या शेडमध्ये बांधली. बाराला नागपूरहून फोन आला, जागृतीला दवाखान्यात नेलंय म्हणून, आणि मी सापडेल ते पिशवीत कोंबून निघालो. लेकीचं पहिलं बाळंतपण, आठ दिवस तिथंच गेले. रोज तुला फोन करायचो. तू आधी नातवाची चौकशी करायचास, मग म्हणायचास, "काही टेन्शन नको घेऊ, ताप बिलकुल नाही तिले. तू नातवाले खेळव." मी बाळाला मांडीवर घेऊन निवांत बसलो होतो, कारण तबेल्यात तू होतास.

वीस तारखेला घरी येऊन पिशवी उपसली, तर तळाशी आपला थर्मामीटर. घोड्यांचा, तोच, ज्याला मी लाल दोरा बांधलाय. निघण्याच्या घाईत माझ्याकडूनच चुकून आला होता. मी तसाच मागच्या शेडकडे गेलो. खुंटीवर वही लटकलेली. बारा तारखेपासून प्रत्येक दिवसाचे दोन आकडे, तुझ्या वळणदार अक्षरात. शंभर. शंभर पूर्णांक दोन. नव्व्याण्णव पूर्णांक आठ. एकही खाडाखोड नाही. दशांश चिन्हं किती काळजीनं दिली होतीस रे. मी वही हातात धरून उभा होतो आणि बिजलीची डावी नाकपुडी ओली होती. तू मागून आलास, म्हणालास, "थंडीनं झालं." मी बरं म्हटलं.

मी विचारलं नाही, ही माझी चूक. दुसरा थर्मामीटर आणला असेल, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मी विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, आणि तुझ्या तोंडून खोटं ऐकायची माझी तयारी नव्हती. तेवढ्या भित्रेपणाची किंमत चांदणीनं मोजली, हे मी मान्य करतो. तुझ्या चुकीवर सगळं ढकलून मोकळा होणार नाही.

महिनाअखेरीला चांदणीला ताप आला. मग नाकातून चिकट घाण, मग पुढच्या पायावर एकाखाली एक गाठी. डॉक्टर मेघा मॅडमनी रक्त घेतलं आणि विचारलं, ही एखाद्या नव्या जनावराजवळ गेली होती का? मी छाती ठोकून सांगितलं, शक्यच नाही मॅडम, आमच्याकडे एकवीस दिवस पाळतात. तू माझ्या शेजारी उभा होतास. तू तेव्हाही बोलला नाहीस.

मग बँडवाल्या रुपेशनं सहज म्हणून फोनवर वरात दाखवली. सिंदी मेघेची, तुझ्या भाच्याची, पियुषची. अठरा जानेवारी, म्हणजे बिजलीचा तेरावा दिवस. दोन पांढऱ्या घोड्या जोडीनं नाचताहेत, चांदणी आणि बिजली. बिजलीच्या तोंडात चांदणीचा चांदीच्या फुलांचा लगाम, कारण तिचा स्वतःचा अजून घडवायचा होता. पुढे मंडपाच्या कडेला तू एकाच बकेटीतून दोघींना पाणी पाजतोयस, आधी बिजलीला, मग चांदणीला. आणि घरी येऊन तोच लगाम तू चांदणीच्या खुंटीवर टांगलास. मी तो पुढे तिला तीनदा चढवला, माझ्या हातांनी.

बहिणीला जोडी हवी होती, तुला नाही म्हणवलं नाही, हे मला समजतं. मला एक फोन केला असतास तर मी नागपुरातून एखादी घोडी पाठवली असती. पियुषच्या वरातीला मी कमी पडू दिलं असतं का? तू रोग आणलास म्हणून माझा राग नाही. रोग कोणाच्याही तबेल्यात येतो. तू रोज फोनवर माझ्या नातवाचं नाव घेऊन माझ्याशी खोटं बोललास, आणि मॅडमसमोर मला खोटं पाडलंस, त्याचा आहे. मोतीसाठी रडलेला माणूस असं करू शकतो, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही.

चांदणीचा पहिला अहवाल आला आणि मॅडम दुसऱ्या दिवशी सगळ्या घोड्यांचं रक्त घ्यायला येणार होत्या. त्या सकाळी मागचं शेड रिकामं होतं. टेम्पो नाही, तू नाही, अन्नपूर्णावहिनी आणि तुमची रुचिका नाही, घराला कुलूप. तू बिजलीला वाचवायला पळालास, हे शेंबडं पोरही सांगेल. मॅडमनी मला पाच वेळा विचारलं, कुठे गेला असेल? मी पाचही वेळा माहीत नाही म्हटलं. मला अंदाज होता, गजेंद्र. तू मला फसवल्यावरही मी तुला झाकत होतो.

काल रात्री अन्नपूर्णावहिनीनं तुझ्या नकळत कमलला फोन केला. समुद्रपूरच्या पुढे, तिच्या माहेरी आहात म्हणाली. चांदणीचं ऐकून रडली आणि मग म्हणाली, "बिजलीच्या मागच्या पायाची गाठ फुटली बाई, पाणी वाहून राह्यलं. रुचिका रोज हळद भरते तिच्यात. बापाचंही नाही ऐकत, तिच्याजवळच झोपते." हा रोग माणसाला होतो. चिघळलेल्या गाठीला उघडा हात लागला, एवढंसुद्धा त्याला पुरतं. माझंही रक्त नेलंय, अहवाल यायचाय, मला गाव सोडायला मनाई आहे, नाहीतर मीच आलो असतो. तुझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला तू सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

म्हणून मी आज सकाळीच मॅडमना तुझा पत्ता दिला. त्या पोलिस घेऊन निघाल्या होत्या, मी हात जोडून थांबवलं, म्हटलं आधी माझं पत्र त्याच्या हातात द्या. हे पत्र तुझ्या हातात देऊन मेघा मॅडम तुझ्यासमोरच उभ्या आहेत. मागची पांढरी गाडी रुचिकासाठी आहे, तिच्यात लहान मुलांचे डॉक्टर आहेत. मी तुझा घात केला असं तुला वाटेल, वाटू दे, मला आता ते कसं लागतं ते ठाऊक आहे. बिजलीचं काय करायचं ते मॅडम रक्त पाहून ठरवतील, दावं त्यांच्या हातात दे. पण ते नंतर. आधी पोरीला बिजलीजवळून उठव, साबणानं तिचे हात धू, आणि गाडीत बसव. वाचत काय बसलास, जा.

दुसरा शब्द सुचत नाही म्हणून, तुझाच
गुलाब